दादाचा आलेख आणि नौपाड्यातली विद्वान मंडळी

चार विद्वान एकत्र आले की किस्से गोळा करावे लागत नाहीत, अंगावरच येतात. मी शीळफाट्याला गॅरेजमध्ये असतो, नववी नापास. दादा मात्र खगोलशास्त्रात पीएचडी करत होता. नौपाड्यातल्या आकाशप्रेमी मंडळातला तो एकटाच खराखुरा अभ्यासक. तीन महिन्यांपूर्वी काविळीने गेला. मंडळ आता त्याची स्मरणिका काढतंय. त्यात दादाचा आलेख त्याने काढलेला तसाच छापावा, एवढंच माझं म्हणणं.

*

दादाचं भाषण होतं, अंधुक बटू दीर्घिकांवर, म्हणजे छोट्या, फिकट गॅलेक्सींवर. पडद्यावर स्लाईड आली, एक धुरकट डाग.

अध्यक्ष लेले वकील म्हणाले, "अरे, लोक मुलांना घेऊन आलेत. जरा बरा फोटो नाही का?"

"काका, ही दीर्घिका याहून जास्त दिसतच नाही."

"मग दिसणारी निवडायचीस."

*

त्याच भाषणात दादाने सांगितलं, की तिथला वायू इतका जोरात फिरतो, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाने तो धरून ठेवलाच जाणार नाही. म्हणजे न दिसणारं काहीतरी तिथे भरपूर आहे.

रिटायर्ड जोशी सर पहिल्या रांगेतून म्हणाले, "माझ्या वर्गात असतास तर शून्य दिलं असतं."

मंडळी हसली. दादाही हसला. मी नाही हसलो.

*

शोकसभा डोंबिवलीत, आमच्या घराजवळच्या हॉलमध्ये झाली. जो उठला तो स्वतःबद्दलच बोलला. शेवटी जोशी सर आईजवळ आले आणि म्हणाले, "वहिनी, विश्वाच्या मानाने सत्तावीस वर्षं म्हणजे काहीच नाही."

मी धावून गेलेलो. आईने माझी कॉलर धरली, म्हणून सर स्वतःच्या पायांवर घरी गेले.

*

गेल्या रविवारी स्मरणिकेची प्रुफं आली. मी दादाचा मूळ कागद घेऊन गेलेलो. दीर्घिकेच्या मध्यापासून कडेपर्यंत वायूचा वेग कसा बदलतो, त्याचा तो आलेख. दादाच्या कागदावर कडेचे चार ठिपके वर चढत जातात. त्या चारांसाठी तो दोन वर्षं पुण्याच्या कॉम्प्युटरवर दुर्बिणीच्या नोंदींच्या टेपा चढवत बसलेला. प्रुफात रेघ कडेला छान खाली उतरलेली, ठिपके गायब.

"सर, इथले चार कुठे गेले?"

जोशी सर म्हणाले, "पुस्तकाप्रमाणे तिथे वेग कमीच व्हायला हवा. मी दुरुस्त केलं. गेलेल्या माणसाची चूक छापू नये, बाळ."

मी त्यांच्याच खिशातलं पेन ओढलं आणि प्रुफावर चार ठिपके दाबून काढले. कागद फाटला.

"आता हे फाटकं छापायचं का?" लेले वकील ओरडले.

सरांनी दादाचा कागद जवळ ओढला, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग पेन माझ्याकडे सरकवत म्हणाले, "चौथा अजून वर आहे रे."