नलूताई आणि इजिप्तच्या देवांचं चक्र

त्या पुस्तकाचं नाव काढलं की नलूताई नासक्या दुधाचा वास आल्यासारखं नाक मुरडत. लंडनमधल्या आमच्या लायब्ररीत त्या जुन्या पुस्तकांची डागडुजी करायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. पुस्तक साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका युरोपियन पंडिताचं. त्यात पानभर एक गोल आकृती: मध्ये सूर्य, भोवती इजिप्तचे देव, आणि प्रत्येक देवाला रेघेने जोडलेले ग्रह नि देवदूत.

"किती सुंदर!" मी म्हणाले.

"सुंदरच आहे. पण ह्या गृहस्थाला इजिप्तच्या लिपीतलं एक अक्षर कळत नव्हतं. तेव्हा कुणालाच कळत नव्हतं. सगळं मनाने ठोकून दिलंय. वाचता येत नाही तर गप्प बसावं माणसाने!"

तरी त्याच पानाची चीर त्यांनी अशी सांधली, की जोड मला भिंगातूनही सापडेना.

त्यांची धाकटी बहीण कुसुम लंडनमध्येच, ईलिंगला राहायची. तिच्या वाढदिवसाला नलूताईंनीच लायब्ररीच्या शॉपमधून त्या आकृतीचं पोस्टर नेलं होतं, भिंतीला शोभेल म्हणून. पुढे कुसुमताईंना कॅन्सर झाला. ओळखीतला एक हीलर घरी आला आणि पोस्टर बघून हरखला. "ही आपलीच चक्रं, इजिप्तला गेलेली," म्हणाला. रोज तासभर त्या सूर्यावर ध्यान लावायचं, केमोचं विष अंगात घ्यायचं नाही. कुसुमताईंनी हॉस्पिटलला जाणं सोडलं आणि बहिणीला पत्ता लागू दिला नाही. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

कुसुमताई गेल्या, त्यानंतर दोन आठवड्यांनी नलूताई कामावर आल्या. "त्या माणसाचा राग येत असेल," मी म्हणाले.

"राग कसला, किळस येते. त्याची आणि माझीही. इथे तुझ्यापुढे रोज तोंड वाजवलं, आणि जिला चित्र दिलं तिला एका शब्दाने बोलले नाही."

त्याच वर्षी ते पुस्तक प्रदर्शनात मांडलं. पाटी नलूताईंनी लिहिली: 'हे काढणाऱ्याला इजिप्तची लिपी वाचता येत नव्हती. ह्या आकृतीने कोणताही आजार बरा होत नाही.'

"नलिनी, दुसरं वाक्य जरा ब्लंट वाटतं," मॅनेजर म्हणाली.

"वाटू दे."

वाक्य गाळलं गेलं. नलूताईंनी राजीनामा दिला.

मग दर शनिवारी त्या प्रदर्शनाला येऊ लागल्या. कोट न काढता काचेच्या पेटीशेजारी उभ्या राहायच्या, आणि कुणी फोटो काढायला वाकलं की गाळलेलं वाक्य हळू आवाजात सांगायच्या. बहुतेक लोक कसनुसं हसून पुढे सरकत. एक म्हातारी इंग्रज बाई मात्र थांबली. फोन पर्समध्ये ठेवून तिने विचारलं, "हू वॉज इट?"

"माय सिस्टर," नलूताई म्हणाल्या. "कुसुम."

आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्या रडल्या.