बर्फावरची फोर्टीनस्टेप

कॅनडाला निघाले तेव्हा नाशिकच्या मुंबई नाक्यावर टॅक्सीत बॅग चढवताना आईने विचारलं, "चाकाचे बूट कशाला नेती? तिकडं बर्फ हाय म्हणं." आई सिन्नरकडची. वजन जास्त भरत होतं. मसाला राहिला, बूट आले.

धाकटी बहीण मीनल आणि मी नाशिकला रोलर स्केटिंगवर फोर्टीनस्टेप शिकलो. स्पर्धेतलं हे जुनं, सक्तीचं नृत्य. चौदा पावलं, मार्चचा ताल. कोणतं पाऊल पायाच्या कोणत्या कडेवर, किती ठोक्यांचं, सगळं ठरलेलं. पदरचं काही घालायचं नाही. फेरी पूर्ण झाली की पाऊल मागच्याच जागी पडायला हवं. पडतं की नाही, हे सिमेंटवर दिसत नसे. शिकवणारे सर म्हणत, "पडतंय, चालू द्या."

कॅनडातल्या या लहान शहरात दोन वर्षं ऑफिसबाहेर कोणी मला नावाने हाक मारली नाही. तिसऱ्या हिवाळ्यात आइस रिंकवर गेले. चाकांच्या जागी पातं आलं. तिथल्या सत्तरीच्या प्रशिक्षक बाईंनी फोर्टीनस्टेपच्या तीन फेऱ्या करून दाखवल्या आणि बर्फाकडे बोट केलं. फेऱ्या तीन, पात्याने कोरलेली रेघ एक. मी गुडघ्यावर बसून तिच्यावरून बोट फिरवलं. या नृत्याला मी कवायत समजत आले होते. एवढा नेमकेपणा माणसाच्या पायात राहू शकतो, हे तेव्हा कळलं.

मग मी तीन फेऱ्या घेतल्या आणि माझी रेघ पाहिली. तीही एकच होती, फक्त एका कोपऱ्यात हातभर बाहेर गेलेली. प्रत्येक फेरीत, त्याच जागी. बाईंनी वाकून ती पाहिली. "इतकी नेमकी चूक मी पाहिलेली नाही," म्हणाल्या. फोर्टीनस्टेपची चाचणी पास झाले तर त्यांच्या नृत्यगटात जागा मिळणार होती. त्या गटात सगळे एकमेकांना नावाने हाका मारत. रेघ सुधारेना.

मीनलला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"ताई, हा आपल्या नाशिकच्या रिंकवरचा गेटाकडचा कोपरा ना? तिथं चढ होता. पावसाचं पाणी गटारीकडे जावं म्हणून उतार काढला होता रिंकला."

"मला कसा कळला नाही?"

"तुला पायाखालचं कधी कळलंय? सर तिथंच ओरडायचे, जोर लाव. तू अजून लावतेस. सपाटीवर चढ चढतेस, लय भारी."

पुढचे दोन महिने तो जोर काढण्यात गेले. सातव्या पावलाला पोटरी आपोआप ताठ व्हायची, तिला थोपवायचं. चाचणीच्या दिवशी परीक्षकांनी रेघ पाहिली, कागदावर सही केली. गटातल्या चौघींनी माझं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या. उच्चार चुकीचा होता, तरी बरं वाटलं.

बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र आत यायचं होतं. तेवढ्यात मी आणखी एक फेरी घेतली आणि त्या कोपऱ्यात पायाला हवा तेवढा जोर लावू दिला. रेघ हातभर बाहेर गेली, जिथे जायची तिथेच. तिचा फोटो काढून मीनलला पाठवला, आणि यंत्राला वाट दिली.