मधली ओळ

सायखेड्याहून शहरातल्या द्वारका चौकात येईपर्यंत बसमध्ये उज्वलाच्या कानात सासूबाईंचंच बोलणं घुमत होतं. "आज जिंकलीस तर जात जा दर रविवारी. नाय तर पुढच्या रविवारपासनं कांद्याच्या लावणीला. लय झाला गोट्यांचा खेळ."

कुसाबाई बोलल्या म्हणजे ठरलं. वर्षभरापूर्वी भाची वेदिकाला वाचनालयात सोडायला आलेली उज्वला तिथल्या 'गो'च्या, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी एकमेकांना वेढायच्या खेळाच्या, पटासमोर सहज बसली. वेदिका महिन्याभरात कंटाळली. उज्वला येत राहिली. आठवड्यातले तेवढे तीन तास तिचे होते.

आज समोर रोहित होता. इंजिनिअरिंगचा, हसतमुख, भराभर खेळणारा. काळ्या सोंगट्या त्याच्या. उज्वलाच्या पांढऱ्या. स्वतःचं काही सुचेना, म्हणून तिने त्याचीच नक्कल धरली. तो डावीकडे खाली, तर ही उजवीकडे वर. नंतर खेळणाऱ्या पांढऱ्याला साडेसहा गुण आधीच मिळतात. नक्कल शेवटपर्यंत टिकली तर तीच जिंकणार होती.

"ताई, आरसा आणलाय का घरून?" रोहित म्हणाला. "एखादी चाल स्वतःची खेळा की!"

ती हसली नाही. पटाच्या मधोमध एक बिंदू रिकामा होता. बाकी प्रत्येक बिंदूला समोर जोड होती, त्याला नव्हती. रोहितने तो घेतला की नक्कल मोडणार. आता आपणच घ्यायला हवा, हे तिला कळत होतं.

तिने सोंगटी उचलली, पण मध्यावर जाताजाता हात थबकला. कांदा लावताना वाफ्याच्या एका कडेने ती यायची, समोरून सासूबाई. त्यांचा हात चालेल तसा हिचा चालायचा. शेवटची मधली ओळ उरली की हिने मागे सरायचं. ती ओळ थोरलीची, सासूबाईंची. बारा वर्षं हात तेवढंच शिकला होता.

सोंगटी मध्य सोडून कडेला पडली.

रोहितने लगेच मध्य घेतला. मग तिच्या सोंगट्या एकेक करून वेढल्या गेल्या.

"हरले, आत्या," घरी येऊन तिने सासूबाईंना सांगितलं.

"मग झालं तर," कुसाबाई म्हणाल्या.

सोमवारी पहाटेच्या गारठ्यात दोघी वाफ्यात उतरल्या. रोपांच्या जुड्या सरत गेल्या, दोघी जवळ आल्या. मधे एक ओळ उरली. कुसाबाईंनी सवयीने हात पुढे केला, तोवर उज्वलाने चिखलात पहिलं रोप खोचलं होतं. मग दुसरं. अख्खी ओळ तिने पुरी केली.

"अगं, ती माझी वळ ना?"

"मी रविवारी जाणार आहे, आत्या. हरले तरी."

कुसाबाई पदराला हात पुसत पुढच्या वाफ्याच्या कडेला जाऊन बसल्या. रोपांची जुडी हातात तशीच होती. लावायला मात्र त्यांनी सुरुवात केली नाही. उज्वलाचा हात कधी हलतो, ते त्या बघत राहिल्या.