आज मास्क लावला आणि आर्याचं वाचन थांबलं

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहितेय.

विंझरजवळच्या एका वस्तीवर मी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरीतली आर्या वर्गात सगळ्यात छान वाचते, असं मी कालपर्यंत छातीठोकपणे सांगत होते.

आज सर्दीमुळे मी मास्क लावला होता. आर्याला धडा वाचायला उभं केलं, तर दोन शब्द वाचून ती थांबली आणि माझ्याकडेच बघत राहिली.

"अगं, वाच की."

"बाई, त्ये तोंडावरचं काढा ना."

मास्क काढला. आर्या धडाधड वाचायला लागली. मला शंका आली म्हणून मी ओठ घट्ट मिटले, तर ती पुन्हा अडली. मुलं वाचत असताना मी नकळत ओठ हलवते आणि ही पोरगी इतके दिवस पुस्तक नाही, माझे ओठ वाचत होती!

शाळा सुटल्यावर तिची आजी न्यायला आली. "बाई, माज्या गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-रात्र लिवलेलं असतं, त्ये आता हीच वाचून देती. मला कुठं वाचाया येतंय!"

मी लगेच म्हटलं, "आजी, गोळ्या सूनबाईंना विचारूनच घ्या."

"का वं? तुमीच तर म्हनला, पोरगी लई भारी वाचती."

तुमच्या वर्गात तपासून बघाल का? माझ्या डोक्यातून एकच गोष्ट जात नाहीये. घरी ते पाकीट हातात घेऊन आर्या कुणाच्या ओठांकडे बघत असेल?