सीटी वाजली आणि मी हात लावला

"सिंगर क्यां छे?" हसमुखभाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

स्टेजवर चौघं होती. दोन गिटार, एक बेस, एक ड्रम्स. मधोमध माइक नव्हता. हसमुखभाई कार्यक्रमाचे आयोजक. पडलेल्या दाताच्या जागेवर जीभ जावी तशी त्यांची नजर पुन्हा पुन्हा तिथंच जात होती.

"सिंगर नाही आहे, भाई. ये लोग गाते नहीं, बजाते हैं," मी म्हटलं.

"आखो टाइम?"

"आखो टाइम."

ते खुर्ची शोधायला निघून गेले.

मी सुरतेत बावीस वर्षं साउंड इंजिनिअर आहे. गरबा, लग्नं, गणपती, साडीवाल्यांची संमेलनं, सगळं करतो. राहतो गोडादऱ्यात, मूळचे आम्ही अमळनेरकडचे. वडील कापडाच्या लूमवर होते. त्यांना डबा द्यायला जायचो तेव्हा त्या खडखडाटात एक शब्द कळायचा नाही, पण ताल कळायचा. त्यामुळे असेल, बिनशब्दांच्या संगीताची मला कधी अडचण वाटली नाही. हा बँड मी चौदा वर्षं हेडफोनवर ऐकतोय. नाव लिहीत नाही, कारण त्यांचे चाहते फार चिडके आहेत. मीही त्यांच्यातलाच. प्रत्यक्ष मात्र एकदाही ऐकलं नव्हतं. ते पुण्यात वाजवायचे त्या दिवशी माझा इथं कुणाच्या तरी लग्नाचा वरघोडा, म्हणजे वरात असायची. आणि आता ते सुरतेत आले होते आणि कन्सोलवर मी होतो. सकाळपासून दोनदा शर्ट बदलला होता.

कन्सोल म्हणजे ते बटणांचं मोठं टेबल. त्यावर वरखाली सरकणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांना फेडर म्हणतात. एका वाद्याला एक फेडर. वर सरकवला की हॉलमध्ये आवाज वाढतो, खाली ओढला की कमी होतो.

साउंड चेक झाल्यावर मुख्य गिटारवाली नंदिता माझ्याकडे आली. मुलगी पुण्याची, बोलणं मोजकं.

"दादा, शेवटच्या पीसमध्ये मी गिटार अँपसमोर धरून उभी राहते. शिट्टी येईल. ती मुद्दाम आहे, तिला हात लावू नका."

"मॅडम, तो पीस मला पाठ आहे. आठ मात्रा शिट्टी, मग ड्रम्स."

ती हसली. मी पण हसलो, जरा जास्तच.

ही शिट्टी काय असते ते सांगतो. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की तो फिरून फिरून वाढत जातो आणि कानठळ्या बसवणारी सीटी वाजते. त्याला फीडबॅक म्हणतात. गरब्यात हजारो लोक गोल फिरत असताना ती वाजली तर आयोजक आधी कान झाकतो आणि मग आमचा उद्धार करतो. म्हणून सुरतेच्या साउंडवाल्याचा हात डोक्याला विचारत नाही. सीटी वाजली की फेडर खाली. मीच कितीतरी जणांना हे शिकवलंय. गिटारवाले मात्र तीच सीटी मुद्दाम काढतात. अँप म्हणजे गिटारचा स्वतःचा स्पीकर. त्याच्या आवाजानं तारा थरथरतात, त्यातून लांबलचक सूर निघतो, आणि चांगला वादक त्याला नुसतं अंग वळवून हवं तिकडे नेतो.

संध्याकाळी सहाला शो सुरू झाला. काय वाजवत होती ती पोरं. हेडफोनमध्ये चौदा वर्षं जो बेस मला नुसता ऐकू येत होता तो आता पायाखालून येत होता. ड्रमर इतका हलका वाजवत होता की मला त्याचे फेडर वर न्यावे लागले. जोरात वाजवणारे खूप पाहिलेत, इतकं हळू वाजवायची हिंमत असलेला पहिलाच. मी काम करत होतो आणि तोंड उघडं होतं.

शेवटचा पीस आला. नंदिता अँपकडे वळली, गिटार छातीशी धरली. सूर उठला आणि चढत गेला.

"सीटी वागे छे," हसमुखभाई कानाशी ओरडले. "सीटी वागे छे, जयवंत."

आणि माझा हात गेला. फेडर थेट तळाला.

हॉलमधला सूर गेला. स्टेजवरच्या लहानशा अँपमधून तेवढा बारीक धागा येत राहिला. फेडर एकदम वर ढकलला असता तर धाडकन आवाज झाला असता आणि होतं नव्हतं तेही गेलं असतं. चौदा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो मी स्वतःच्या बोटानं बुजवला होता.

नंदितानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती अँपच्या एक पाऊल आणखी जवळ गेली आणि तो धागा तसाच धरून ठेवला. डावा हात तारांवर होता. उजवा पाठीमागे नेऊन तिनं ड्रमरला पंजा दाखवला, थांब. त्याच्या काठ्या हवेत थांबल्या. आठ मात्रा संपल्या, सोळाही संपल्या. मागच्या रांगांत गप्पा मारणारे गप्प झाले, पुढे झुकून ऐकू लागले. मी फेडर केसाएवढा वर सरकवू लागलो. सूर हॉलमध्ये हळूहळू परत भरला. त्याच्या जागी पूर्ण पोचला तसा तिनं पंजा मिटला. ड्रम्स कोसळले.

ती माझ्यासाठी थांबली होती. माझे डोळे भरून आले, लिहायला लाज वाटत नाही.

नंतर सामान आवरताना मी स्टेजवर गेलो. "मॅडम, चूक झाली."

"ऐकू आली," ती म्हणाली. "पण शिट्टी परत छान आणलीत. घाई केली नाहीत."

मागून हसमुखभाई आले. खूश होते. "पेली शांति आवी ने, जोरदार. में कीधेलुं ने?"

म्हणजे ती मधली शांतता त्यांनीच सांगून आणली होती.

मध्ये काही महिने गेले. इंदूरच्या एका साउंडवाल्या मित्राचा फोन आला. हा बँड त्याच्याकडे येणार होता. बँड येण्याआधी एक कागद पाठवतात, किती माइक हवेत, अँप कुठे ठेवायचे, सगळं त्यात असतं. त्या कागदावरच्या शेवटच्या ओळीनं तो बुचकळ्यात पडला होता. त्यानं वाचून दाखवली. शेवटच्या पीसमध्ये शिट्टी येईल तेव्हा साउंड इंजिनिअरनं दोन्ही हात खिशात ठेवावेत.

"हे काय नवीन, यार?" त्यानं विचारलं.

"लिहिलंय तसं कर," मी म्हटलं. "आणि त्या दिवशी खिसेवाली पँट घाल."