पडद्यावरच्या मेणबत्त्या

बाळांनो, यवतमाळच्या एका दवाखान्यात मी फुप्फुसांच्या तपासणीसाठी बसले होते. माझ्याआधी मुकुटबनहून आलेले एक आजोबा होते, नाकाला चिमटा लावलेले. नळीत जोरात फुंकलं की कॉम्प्युटरवरच्या मेणबत्त्या विझतात. आजोबा छातीभर श्वास घेत आणि हळूच सोडून देत.

“आजोबा, अशानं औषध कसं ठरवायचं? चित्रच आहे ते,” तपासणारी ताई म्हणाली.

“मले दिसते ना, बाई. पण बुढी घरी बिमार हाये. जळता दिवा कायले फुकू?”

ताईनं पडदा भिंतीकडे वळवला. मग आजोबांनी जीव खाऊन फुंकलं, खूप खोकले आणि मला विचारलं, “इजल्या नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले. पडदा मला दिसतच नव्हता. मी तसं का म्हणाले, मला अजून कळलेलं नाही.