डाव्या कानाची खुर्ची

ग्रामपंचायतीत निवडून आले मी, आणि सभेला जायचे आमचे मालक. सेनगाव तालुक्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. माझ्या बाबतीत तर लोकांना आयतं कारण मिळालं होतं: बाईला ऐकू येत नाही. मळणी यंत्राच्या तोंडाशी वर्षानुवर्षं उभी राहिले, त्यात कान गेले. मालक घरी येऊन वही पुढं करायचे, "इथं सही कर." काय ठरलं म्हणून विचारलं, तर हात उडवायचे. "तुला सांगून काय फायदा? निम्मं तर ऐकूच येत न्हाई."

म्हणून यंदा हिंगोलीला जाऊन मी दोन्ही कानांची मशीनं घेतली. कानामागं बसणारं मशीन, त्याला बारीक नळी, नळीच्या टोकाला कानात बसणारा साचा. ती बसवून देणाऱ्या मॅडमनी सफाई कशी करायची ते दाखवलं, ते मी त्यांच्यासमोर चारदा करून बघितलं. साचा आणि नळी सोडवून कोमट साबणाच्या पाण्यात धुवायची. मशीनला मात्र पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. ते कोरड्या फडक्यानं पुसायचं, आवाज आत घेणारी भोकं खाली करून मऊ ब्रशनं झाडायचं. कानातून काढलं की सेलचं झाकण उघडं ठेवून, ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत ठेवायचं. सून म्हणाली, आत्याबाई, थेंबभर खोबरेल सोडू का, आवाज मोकळा होईल. तिला म्हणाले, बाई, हे शिवणाचं मशीन न्हाई.

सून ऐकते. घोळ घातला मालकांनी, तोही खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडं घरातली सगळी हत्यारं धुऊन पुजतात: विळे, खुरपी, कोयता, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरचे पाने. मी न्हाणीत डोक्यावरून पाणी घेत होते. बाहेर येऊन बघते, तर कोयत्याशेजारी माझी दोन्ही मशीनं मांडलेली. वरून पाणी शिंपडलेलं, आणि ओल्या हळदीकुंकवाची बोटं नेमकी भोकांवर टेकवलेली. झेंडूही वाहिला होता. मालक हात जोडून उभे होते.

"तुजंबी हत्यारच हाय की," असं काहीसं ते म्हणाले. ओठांवरून मला तेवढंच कळलं.

मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. चार दिवसांनी मासिक सभा होती, या वेळी मी स्वतः जाणार होते, आणि तिथं आमच्या वस्तीच्या नळाचा विषय यायचा होता. वर्षभर तो पुढंच ढकलला जात होता, आणि आमच्या वस्तीतल्या बायका लांबच्या विहिरीवरून पाणी वाहत होत्या. मालक सभेत कधी तोंड उघडायचे नाहीत, कारण सरपंच त्यांचा मावसभाऊ.

सुनेनं हिंगोलीला फोन लावला. मॅडम सणाला गावी गेलेल्या, आठवड्यानं येणार होत्या.

"ऱ्हाऊ दे," मालक माझ्या कानाशी ओरडून म्हणाले. "या खेपेला मीच जातो."

"तुमी जायचं न्हाई," मी म्हणाले.

सेल काढून टाकले. वरवरचं पाणी टिपून घेतलं, पण हळदीला हात लावला नाही. ओली हळद पुसायला गेलं की ती आत शिरते, आणि वाळली की पापुद्रा आपोआप सुटतो. आम्ही हळद पिकवणारी माणसं, एवढं तर आम्हाला कळतं. सून उन्हात ठेवायचं म्हणाली, मी ठेवू दिलं नाही. दोन दिवस मशीनं डबीत राहिली. तिसऱ्या दिवशी भोकं खाली धरून मी कणकण झाडत बसले, आणि नवे सेल घातले. उजवं मशीन मेलेलंच. डाव्यात आधी खरखर झाली, मग सुनेच्या बांगड्या वाजल्या. मला रडूच आलं.

सभेला मी गेले, तर मालक माझ्या आधीच पोचलेले. डाव्या कानानं ऐकायचं म्हणजे बोलणारा डावीकडं पाहिजे. तशी एकच खुर्ची होती, ग्रामसेवकाच्या उजव्या हाताची, आणि तिच्यावर मालक बसले होते.

"उठा," मी म्हणाले. "मला इथूनच ऐकू येतं."

"काकू, बसू द्या की भाऊंना," ग्रामसेवक म्हणाले. "तुमाला कशाला तकलीफ?"

"तकलीफ मला न्हाई, तुमाला होऊन राहिली."

मालक उठले. खुर्च्या सदस्यांपुरत्याच होत्या, ते दाराशी जाऊन उभे राहिले. नळाचा विषय निघाला तसे पलीकडून सरपंच ग्रामसेवकाकडं झुकले आणि हळूच म्हणाले, "पुढच्या सभेत घेऊ. तिला काय समजून राहिलं?"

"आता जे बोललात, ते तसंच वहीत लिहा," मी म्हणाले. "मग मी सही करते."

ग्रामसेवकाचं पेन जागच्या जागी थांबलं. सरपंचांनी दाराकडं बघितलं.

"तिकडं काहून बघता? सदस्य मी हाय."

सरपंच खुर्चीत मागं सरले आणि ग्रामसेवकाला म्हणाले, "लिहा नळाचं." मग नळाचा ठराव लिहायला घेतला. लिहून झाल्यावर ग्रामसेवकांनी वही माझ्यापुढं सरकवली. मी ती परत सरकवली.

"आधी वाचून दाखवा," मी म्हणाले. "आणि जरा मोठ्यानं वाचा. दारात उभ्या माणसालाबी ऐकू गेलं पाहिजे."